काटेरी तार एकट्याने कशी उलगडावी?

प्रश्न : कुंपणाला मजूर मिळत नाहीत. काटेरी तारेचं बंडल एकट्याने उलगडता येईल का?

उत्तर : येईल, पण घाई करू नका. कोपऱ्यात दोन मेढी घट्ट रोवा, बंडलातून पहार घालून ती मेढींवर आडवी ठेवा. आता तारेचं टोक धरून चालत जा. बंडल जागेवरच फिरेल. आडव्या पडलेल्या बंडलातून तार कधीही ओढू नका. प्रत्येक वेढ्याला पीळ बसतो आणि ताण देताना तार तिथेच तुटते. शेवटचे वेढे उसळतात, म्हणून टोक आधी बांधून ठेवा. जाड चामडी हातमोजे, बूट आणि चष्मा हवाच. ताण देताना तारेच्या रेषेत उभे राहू नका. कुंपण उद्याही होईल, डोळे जपा.