भूकंप आणि घर : दगडाचा काय अपराध?

गेल्या सहामाहीत जडत्वाचा धडा चालू असता एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर भिंतीच नाहीत, नुसते खांब आणि मोटारी. भूकंप झाला तर?" नवी मुंबईतील पुष्कळ मुलांची घरे अशाच इमारतींत असल्यामुळे सारा वर्ग क्षणभर गप्प झाला. त्या दिवशी तास संपला व आम्ही त्यास अर्धेच उत्तर देऊ शकलो. ते पुरे करण्यासाठी हा लेख आहे, आणि तो पालकांनीही वाचावा अशी आमची विनंती आहे.

आरंभ किल्लारीपासून केला पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत धरणी हादरली. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून लोक निजले होते. सुमारे आठ हजार माणसे प्राणांस मुकली. धक्क्याचे परिमाण ६.२ होते. ह्याहून मोठे धक्के जपान देश अनेकदा सोसतो, आणि तेथे बहुधा इतकी माणसे मरत नाहीत. मग येथेच असे का व्हावे?

उत्तर भिंतीच्या पोटात होते. त्या भागातील जुने घर म्हणजे दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती व वर मातीचे जाड माळवद. अशी भिंत बाहेरून एकसंध दिसते. परंतु वास्तविक त्या दोन भिंती असतात. एक बाहेरच्या दगडांची, दुसरी आतल्या दगडांची, आणि मध्ये चिखल व दगडाच्या कपच्या. दोहोंस जोडणारे काही नसते. एस.टी. एकाएकी थांबली म्हणजे उभा असलेला मनुष्य पुढे फेकला जातो, आणि त्याच्या डोक्यावर बोजा असेल तर अधिकच. तद्वत जमीन हलली असता घराचे जितके वजन अधिक तितका त्यावरील जोर अधिक. बाहेरचा थर बाहेर कोसळला, आतला थर निजलेल्यांवर पडला, आणि माळवदाची माती वरून आली. नवल असे की, कित्येक घरांत भिंती ढासळल्या तरी लाकडी खांब व तुळया उभ्याच राहिल्या. कारण लाकूड लाकडास जोडलेले होते.

लोकांच्या मनात मात्र दगडाविषयी धास्ती बसली. घर धड असले तरी आत निजावयास कोणी धजेना. अंगणात पत्र्याचे छप्पर घालून लोक दिवस काढू लागले. "दगड नको, सिमेंट द्या" हे मागणे स्वाभाविक होते, व त्यास हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. बावन्न गावे नव्या जागी नव्याने वसविण्यात आली. पण ज्या असंख्य गावांत घरे तडकली परंतु पडली नाहीत, तेथे काय करावयाचे? सगळीच पाडून सिमेंटची बांधावयाची?

येथे रचना-अभियंत्याचे काम सुरू होते. उत्तरेस रुडकी येथे सन १९६० मध्ये प्राध्यापक जयकृष्ण यांच्या पुढाकाराने भूकंप-अभियांत्रिकीचे स्वतंत्र शिक्षण व संशोधन सुरू झाले होते. तेथील प्राध्यापक आनंद स्वरूप आर्य यांनी आपले आयुष्य गरिबाच्या घराचा अभ्यास करण्यात वेचले. मोठाली धरणे व पूल सोडून दगड-मातीच्या खोलीवर संशोधन करणारा विद्वान विरळा! रुडकीस त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग मुलांस आवडतील असे आहेत. रुळांवर एक वाघिण उभी करून तीवर लहानसे खरेखुरे घर बांधीत, आणि दुसरी जड वाघिण सोडून तिला धडक देत. कोणते घर कोठे तडकते हे अशा रीतीने डोळ्यांनी पाहिले जाई. आर्य यांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये ते निवर्तले.

त्या अभ्यासातून निघालेले उपाय गावच्या गवंड्यास करता येण्याजोगे होते. भिंतीच्या दोन्ही थरांस शिवणारा आरपार दगड दर दोन फूट उंचीस व आडवा चार-चार फुटांवर बसवावा. जुन्या भिंतीस भोक पाडून त्यात वाकविलेली सळई घालावी व काँक्रीट भरावे. दारे-खिडक्यांच्या वर साऱ्या घराभोवती काँक्रीटचा अखंड पट्टा फिरवावा, म्हणजे चारही भिंती कमरपट्ट्याने बांधल्यासारख्या होतात. माळवदावरची जादा माती उतरवावी. दगड तोच, जागा तीच. अशा दुरुस्तीत सिमेंट थोडे लागते, हाही लाभ लहान नव्हे. एक टन सिमेंट तयार होताना सुमारे पाऊण टन कार्बन वायू हवेत जातो. म्हणून उभे घर बळकट करणे हे ते पाडून नवे बांधण्यापेक्षा पृथ्वीस पुष्कळदा स्वस्त पडते. त्यात दगडी घराचा उन्हाळ्यातील गारवा टिकतो तो निराळाच.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९९३ पूर्वीच्या सरकारी नकाशात किल्लारीचा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरास भूकंप झाला, तत्पूर्वी दख्खनचे पठार अचलच समजत असत. २००२ च्या सुधारित नकाशात किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात घातला गेला. मुंबई व नवी मुंबईही त्याच पट्ट्यात दाखविल्या होत्या.

आता आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न. २६ जानेवारी २००१ रोजी भूजजवळ भूकंप झाला, तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत सिमेंटच्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील पुष्कळांचा तळमजला मोटारींकरिता मोकळा होता. वरचे मजले भिंतींमुळे ताठ, आणि खाली नुसते सडपातळ खांब. मग सारी हालचाल त्या खांबांवरच येते. म्हणजे अपराध दगडाचा नव्हता, तसे पुण्यही सिमेंटचे नाही. आमच्या शहरात खाडीकाठी जमीन मऊ चिखलाची आहे, आणि मऊ जमीन कंप वाढविते, हेही विसरू नये. मोकळा तळमजला बांधताच येत नाही असे नाही. पण तेथील खांब मुद्दाम भक्कम केले पाहिजेत, किंवा काही ठिकाणी काँक्रीटच्या भिंती पायापासून वरपर्यंत नेल्या पाहिजेत. खांबातील सळयांभोवतीच्या रिंगेचे टोक काटकोनात न सोडता १३५ अंशांत आत वळवावे, हा नियम १९९३ च्या भारतीय मानकात आहे. एवढीशी वळण, पण हादऱ्यात रिंग उकलत नाही व खांब फुटत नाही. ती वळण एकदा काँक्रीट ओतल्यावर कोणासही दिसत नाही.

पालकांपैकी कोणी दिवाणखाना मोठा करण्यासाठी भिंत काढण्याच्या विचारात असतील, त्यांनी आधी अभियंत्यास विचारावे. खांबास वा तुळईस छिन्नी लावू देणे तर केव्हाही वाईट.

ज्यांस हा व्यवसाय करावासा वाटतो त्यांनी गणित व पदार्थविज्ञान मनापासून करावे. बारावीनंतर चार वर्षे स्थापत्य, पुढे दोन वर्षे रचनाशास्त्र किंवा भूकंप-अभियांत्रिकी, आणि संशोधन करावयाचे तर आणखी कित्येक वर्षे. मुंबईत माटुंग्याचे व्ही.जे.टी.आय. आणि पवईचे आय.आय.टी. जवळच आहेत.

तो विद्यार्थी परवा पुन्हा भेटला. त्याने वडिलांकडून सोसायटीच्या चिटणिसांस इमारतीचे रचना-नकाशे मागावयास लावले होते. नकाशे सापडले, खालचे खांब वरच्यांहून रुंद दाखविले आहेत. आता प्रत्यक्षात तसे आहेत की नाहीत, हे तो मोजपट्टी घेऊन पाहणार आहे.