‘ढ’ म्हणू नका, सूटही देऊ नका

पुण्यात कोथरूड असो की हडपसर, सोसायटीच्या मैदानावर एखादा मुलगा दुसऱ्याला रंगावरून, जातीवरून लागेल असं बोलतो आणि त्याची आई घाईघाईने खाली येऊन सांगते, “अहो, त्याला एलडी आहे हो.” मग समोरची आई गप्प बसते. दोघींचंही चुकतं.

काय करावे

• अडचण नेमकी कोणती, ते आधी जाणून घ्या. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि बौद्धिक अक्षमता वेगवेगळ्या आहेत. अध्ययन अक्षमतेत, म्हणजेच एलडीत, वाचन, लेखन किंवा गणित अडतं, बुद्धी शाबूत असते. डिस्लेक्सियामुळे, म्हणजे वाचनातल्या अडचणीमुळे, ‘कमल’चं ‘कलम’ होईल, पण कुणाला ‘काळ्या’ म्हणणं त्यातून येत नाही. सोबत एडीएचडी असेल तर शब्द तोंडातून निसटतो, ऑटिझम असेल तर समोरच्याला लागलं हे चटकन कळत नाही. हेतू नव्हता हे मान्य, पण ज्याला बोललं गेलं त्याला लागलेलंच असतं.

• त्याच दिवशी, बाजूला घेऊन, थोडक्यात सांगा : “तू त्याला काळ्या म्हणालास. त्याला वाईट वाटलं. परत म्हणायचं नाही.” नुसतं ‘नीट वाग’ म्हटल्याने काय चुकलं ते कळत नाही. बौद्धिक अक्षमता असेल तर प्रसंग करून दाखवा, पुन्हापुन्हा सांगा.

• माफी बोलणाऱ्या मुलालाच मागू द्या. लिहिता येत नसेल तर तोंडी, तेही जमत नसेल तर चित्र काढून.

• तो शब्द त्याने कुठे ऐकला, ते शोधा. (पुष्कळदा शोध स्वतःच्या जेवणाच्या टेबलापाशीच संपतो.)

काय टाळावे

• दाखला पुढे करणं. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यावर दहावीला वाढीव वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. शिवीची सवलत त्यात नाही.

• टोमण्याला टोमणा. त्याला उलट ‘ढ’ म्हणू नका. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत ‘ढ’ अक्षर जवळपास तसंच राहिलं, म्हणून पुढे न सरकणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणू लागले, असं सांगतात. व्युत्पत्ती मजेची आहे, पण वर्गात तो शब्द ऐकणाऱ्याला मजा येत नाही. त्याच दिव्यांग हक्क अधिनियमाचं कलम 92 वाचा : दिव्यांग व्यक्तीचा लोकांदेखत, हेतुपुरस्सर पाणउतारा केला तर 6 महिने ते 5 वर्षं कैद आणि दंड. पुणेरी तिरकसपणाला त्यात अपवाद नाही.

• अशुद्धलेखनावर घसरणं. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर वाईट लिहिलं, तर जे लिहिलं त्यावर बोला. त्याच्या ऱ्हस्व-दीर्घाला हसलात, तर तक्रार तुमच्यावरच उलटेल.

• ‘मोठा झाला की कळेल’ म्हणणं. मोठेपणी कायदा लागतो, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 ची सूट मनाच्या विकलतेमुळे आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हेच न उमजणाऱ्यासाठी आहे. केवळ वाचताना अडखळणारा पंचविशीतला तरुण तीत बसत नाही.

• खेळातून कायमचं काढणं. एक दिवस बाहेर बसवा हवं तर. दुसऱ्या दिवशी बॅट त्याच्याही हातात द्या.