घरातून चिनी भाषेचे शिक्षण

सिंगापूरमध्ये १९८७ साली सर्व राष्ट्रीय शाळांचे प्रमुख माध्यम इंग्रजी झाले. चिनी वंशाच्या मुलांना मँडरीन ही द्वितीय भाषा म्हणून शिकविली जाते. २०२० च्या जनगणनेनुसार पाच वर्षे व त्यावरील सुमारे ४८ टक्के रहिवासी घरीही प्रामुख्याने इंग्रजीच बोलतात. चिनी भाषा केवळ वहीपुरती उरू नये, ही जबाबदारी म्हणूनच कुटुंबावर येते.

तिचा आरंभ जेवणाच्या पंक्तीत व्हावा. जेवणापूर्वी लहानांनी प्रत्येक वडीलधाऱ्यास नात्याने हाक मारण्याची तेथे रीत आहे. वडिलांचे वडील ‘येये’, तर आईचे वडील ‘वाइगोंग’. आपल्याकडील काका-मामा यांसारखाच हा भेद मुलाला हाकेतूनच उमगतो.

जिना चढताना पायऱ्या मोजाव्यात. चिनी भाषेत अकरा म्हणजे ‘दहा-एक’ आणि वीस म्हणजे ‘दोन-दहा’. त्यामुळे दहापर्यंतचे अंक आले की पुढील मोजणी सुलभ होते.

खरी कसोटी स्वरांची. उंच, सपाट स्वरातील ‘मा’ म्हणजे आई. तोच उच्चार खाली नेऊन वर उचलल्यास घोडा! अशा वेळी मुलास न दटावता योग्य उच्चार सहज पुन्हा ऐकवावा. लिपी शाळा शिकवील. कानाला वळण मात्र घरातच लागते.