रोगाच्या मागचा रोग

मे २०२२ मधली घटना वाचकांना आठवत असेल. डोंबिवलीजवळच्या संदप गावात दगडखाणीच्या पाण्यात एकाच कुटुंबातले पाच जण बुडाले. दोन बायका आणि तीन मुले. घरी नळाला पाणी नाही म्हणून कपड्यांचे बोचके घेऊन ती मंडळी खाणीवर गेली होती. एक मुलगा पाण्यात गेला, त्याला वाचवायला बाकीचे उतरले आणि कोणीच वर आले नाही. अशा वेळी मृत्यूचे कारण म्हणून कागदावर ‘पाण्यात बुडून’ एवढेच लिहिले जाते. मीही तेच लिहिले असते. पण सकाळी तासभर का होईना, नळाला पाणी आले असते तर त्या दिवशी कोणी खाणीवर गेले असते का?

संदप हे प्रसिद्ध २७ गावांपैकी एक. १९८३ साली कल्याण महापालिका स्थापन झाली तेव्हा ही गावे तिच्यात आली, २००२ मध्ये बाहेर काढली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली गेली. या ये-जा करण्यात इमारती मात्र उभ्या राहतच होत्या. माणसे आधी आली, पाण्याची वाहिनी मागून निघाली. पुढे या गावांसाठी अमृत योजनेतून पाण्याचे काम हाती घेण्यात आले. एखाद्या दवाखान्यापेक्षा अशा नळजोडणीने जास्त जीव वाचतात, असे मी म्हटले तर माझे सहकारी डॉक्टर रागावतील. पण जुलाब, कावीळ आणि विषमज्वराचे रुग्ण तपासताना मला तरी तसेच वाटत आले आहे.

आरोग्यशास्त्रात याला ‘आरोग्याचे सामाजिक निर्धारक’ असे जड नाव आहे. नाव विसरले तरी चालेल. माणूस राहतो कुठे, खातो काय, पाणी कुठून आणतो, काम किती तास आणि कशात करतो, यावर त्याचे दुखणे बरेचसे ठरते, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे १९४६ साली भोर समितीने हे सांगून ठेवले होते. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने तेच पुन्हा मांडले. त्या आयोगाचे अध्यक्ष मायकेल मार्मट यांनी लंडनच्या सरकारी नोकरांचा दीर्घ अभ्यास केला होता. त्यात सर्वांत खालच्या पदावरच्या पुरुषांचे मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाले. विडी-सिगारेट, रक्तदाब वगैरे सगळे हिशेबात धरूनही निम्म्याहून अधिक फरकाचा उलगडा होईना. नोकरदारांच्या डोंबिवलीने हे जरूर वाचावे. सकाळच्या लोकलमध्ये दाराशी लोंबकळून जाणाऱ्या कारकुनाच्या रक्तदाबाला मी गोळी देतो, पण गाडीतली गर्दी त्या गोळीने कमी होत नाही.

आता क्षयाचे घ्या. माझ्याकडे एक तरुण येत असे. गोदामात हमाली, राहायला कल्याण पूर्वेला चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे. सहा महिन्यांचे औषध त्याने एक दिवस न चुकवता घेतले आणि तो खडखडीत बरा झाला. मला समाधान वाटले. दीड-दोन वर्षांनी त्याची बहीण तोच खोकला घेऊन आली. औषधात काही चूक नव्हती. चूक शोधायला मी एकदा त्यांच्या घरी गेलो, तर खोलीला खिडकी एकच, आणि ती उघडते शेजारच्या भिंतीवर. मधे हातभर जागा. भर दुपारी दिवा लावावा लागतो.

क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. कोंडलेल्या हवेत ते बराच वेळ तरंगत राहतात, उन्हात लवकर मरतात. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींची पाहणी झाली, तेव्हा दोन इमारतींमध्ये पुरेसे अंतर नसल्याने ऊन-वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षय अधिक आढळला. म्हणजे झोपडी जाऊन पक्के घर मिळाले, तरी आजार जिन्यावरून मागे आलाच. ठाण्यात किसननगरच्या क्लस्टर योजनेचे भूमिपूजन २०२३ मध्ये झाले. तिथल्या रहिवाशांनी खोलीचे चौरस फूट मोजतात तसे दोन इमारतींमधले अंतरही विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट अन्नाची. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना दरमहा तांदूळ, डाळ असा शिधा देऊन पाहिला गेला. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. पोटभर अन्न लसीसारखे काम करते हे आपल्या आजीला माहीत होते. आता मोजून दाखवले गेले. सरकार एप्रिल २०१८ पासून रुग्णाला उपचारकाळात महिना ५०० रुपये देऊ लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये. ही प्रगतीच आहे. मात्र माझ्या रुग्णांपैकी काहींना पैसे मिळाले ते उपचार संपता संपता. एकाचे बँक खाते गावचे, एकाच्या आधारवरचा पत्ता जुना. आणि २०२० च्या टाळेबंदीत मजुरी बुडाली, गाड्या बंद झाल्या, तेव्हा नियमित गोळ्या घेणारेही दिसेनासे झाले.

कचऱ्याचेही असेच दोन पावले पुढे, एक मागे. २०१५ मध्ये घनकचऱ्याच्या प्रश्नावर उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना मनाई केली, पुढच्या वर्षी ती उठली. आधारवाडीला आग लागली की धुराच्या दिवसांत दम्याच्या रुग्णांची रांग लागे. मे २०२१ मध्ये तिथे कचरा टाकणे बंद झाले, ती रांगही आटली. मी काही नवे औषध दिले नव्हते.

असो. घरात क्षयाचा रुग्ण असेल तर वाचकांनी एवढे करावे. रुग्णाची नोंद सरकारी केंद्रात झाली आहे ना, हे स्वतः विचारावे. खासगी डॉक्टरांनाही ही नोंद सक्तीची आहे. खात्याचा क्रमांक पहिल्याच आठवड्यात द्यावा. घरातल्या सर्वांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून घ्यावी. आजार नसल्यास प्रतिबंधक गोळ्या मिळतात. आणि रुग्णाचे ताट वेगळे काढण्यापेक्षा सगळ्यांच्या ताटात डाळ, शेंगदाणे, जमल्यास अंडे कसे वाढेल ते पाहावे.

त्या तरुणाच्या बहिणीचा हा चौथा महिना. वजन तीन किलोने वाढले आहे. घरातल्या बाकीच्यांची तपासणी झाली. खिडकीचे काय करायचे हे मात्र ठरत नाही. पलीकडची भिंत दुसऱ्याची आहे, असे चाळमालक म्हणतो, आणि ते खरेच आहे.