डोलकर म्हणजे डोलणारा?

प्रश्न : शेजारच्या गावात हळदीला गेलो होतो. डीजेवर ‘मी डोलकर’ लागलं, सगळे नाचलो. घरी येताना मुलीने विचारलं, “बाबा, डोलकर म्हणजे काय?” म्हटलं, “होडीत बसून डोलणारा.” पण तेव्हापासून चुटपुट लागली आहे. आणि गाण्याच्या शब्दांत इतकं खोल शिरायची खरंच गरज असते का? – एक वाचक, नेरुळ

उत्तर : चुटपुट रास्त आहे. डोलकर म्हणजे डोलणारा नव्हे, डोल लावणारा. डोल हे जाळं आहे. भल्या थोरल्या पिशवीसारखं, तोंड ऐसपैस, शेपटीकडे निमुळतं आणि आसही, म्हणजे जाळ्याच्या भोकांचा आकारही, तिकडे बारीक होत गेलेला. समुद्रात रोवलेल्या खुंटांना ते बांधतात, तोंड पाण्याच्या ओढीकडे करून. होडीने ते ओढायचं नसतं. पाणीच बोंबील, जवळा, करंदी, मांदेली आणून आत घालतं. खाडीत याचंच धाकटं भावंड वापरतात, त्याला बोक्शी म्हणतात.

ओढ नसेल तर डोल नुसतीच लोंबकळते. म्हणून हा धंदा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचा. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी मंदावतं, हाती फारसं लागत नाही. आता गाणं पुन्हा ऐका. त्यातला गडी समुद्रावर आपलीच हुकमत असल्याच्या तोऱ्यात बोलतो, आणि पोट मात्र भरती-ओहोटीच्या हुकमावर! ती ऐट मग नुसती ऐट उरत नाही.

हे गाणं लिहिणाऱ्या शान्ता शेळके जन्मल्या इंदापूरला, 1922 साली. दर्यापासून पार लांब. ‘होडीवाला’ लिहूनही भागलं असतं. त्यांनी धंद्याचा नेमका शब्द उचलला. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीवर तो लाटेसारखा हेलकावतो, म्हणून तुम्हाला ‘डोलणारा’ ऐकू आला. कान चुकला असं मी म्हणणार नाही. ऐकणारा डोलावा हे कवयित्रीलाही नको असेल असं वाटत नाही.

कोळीगीतांतला ‘नाखवा’ही तसाच. आपण सरसकट नावाडी समजतो, पण मूळ फारसी ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा धनी. वल्हं मारणारा वेगळा, नाखवा वेगळा. एवढं कळलं की कोण कोणाला हाक मारतंय ते कळतं.

खोल शिरायचं ते एवढंच. प्रत्येक ओळीत आत्मा-परमात्मा शोधायची खोड आपल्याला कीर्तनाने लावली. तिथे ती शोभते. कोळीगीतात आधी जाळं बघावं.

जाता जाता, तुम्ही नाचलात ती हळद आगरी-कोळी घरातली असेल, तर तिथे लग्नाचे विधी परंपरेने धवलारीण धवले, म्हणजे लग्नगीतं, गाऊन पार पाडते. तिच्या गाण्यातला शब्द म्हणजे विधीच. डीजेच्या दणक्यात तिचा आवाज हरवतो, याचं मला डीजेपेक्षा जास्त वाईट वाटतं.

मुलीला दिलेलं उत्तर दुरुस्त करायचं असेल, तर बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात तिला घेऊन जा आणि तिथल्या जाणत्यांनाच विचारू द्या. फक्त उधाणाच्या दिवसांत जा, भांगात नको.