मणका सरकतो का? दोन चित्रे काढून पाहा!

वर्गातल्या बाकाचा पाय खिळखिळा झाला आहे, हे बाकाच्या फोटोवरून सांगता येईल का? नाही. बाक हलवूनच पाहावा लागेल. कंबरेच्या मणक्यांचेही तसेच आहे.

आपल्या कंबरेत एकावर एक असे ५ मणके असतात. त्यांच्यामध्ये कूर्चेच्या चकत्या, मागे लहान सांधे आणि भोवती अस्थिबंध व स्नायू असतात. ही बांधणी सैल झाली, की हालचाल करताना एक मणका दुसऱ्यावरून प्रमाणाबाहेर सरकू शकतो. जवळचे मज्जातंतू दाबले गेले, तर पायात कळा येतात, मुंग्या येतात.

एमआरआय चित्रात चकत्या आणि मज्जातंतू स्पष्ट दिसतात. पण त्या वेळी रोगी बहुधा उताणा निजलेला असतो. कण्यावरचा भार उतरल्याने सरकलेला मणका कधीकधी जागेवर परततो आणि दोष लपतो! म्हणून रोग्याला उभे करून, बाजूने, दोन क्ष-किरण चित्रे घेतात. एक पुढे वाकून, दुसरे मागे वाकून.

समजा, पुढे वाकल्यावर चौथा मणका पाचव्याच्या ७ मिलिमीटर पुढे दिसला आणि मागे वाकल्यावर २ मिलिमीटर. म्हणजे तो ५ मिलिमीटर सरकला. पण क्ष-किरण एका बिंदूतून पसरत येतात, त्यामुळे चित्र मूळ वस्तूपेक्षा मोठे उमटते. यावर उपाय गुणोत्तराचा. चित्रातील मणका पुढून मागे ३५ मिलिमीटर असेल, तर सरकणे झाले ५/३५, म्हणजे सुमारे १४ टक्के. चित्र कितीही मोठे झाले तरी हे गुणोत्तर बदलत नाही.

सरकणे सुमारे ४ मिलिमीटरांहून अधिक असेल, तर अनेक डॉक्टर अस्थिरतेची शंका घेतात. मात्र सर्वांनी मानलेली एकच मर्यादा नाही. निरोगी माणसाचे मणकेही थोडे सरकतात. उलट, वेदनेमुळे रोगी नीट वाकलाच नाही, तर सैल मणकाही घट्ट भासतो. स्क्रू बसवून मणके एकमेकांना सांधले, की त्यांच्यामधली हालचाल कायमची थांबते. म्हणून केवळ आकड्यावर शस्त्रक्रिया ठरवत नाहीत. रोग्याची तक्रार, तपासणी आणि चित्र यांचा मेळ बसावा लागतो.

आता हे करून पाहा. दोन काड्यापेट्या एकमेकींवर जराशा सरकवून ठेवा. विजेरीने भिंतीवर त्यांची सावली पाडा. विजेरी जवळ आणि दूर नेऊन दर वेळी सावलीतले सरकणे व पेटीची लांबी मोजा. गुणोत्तर काय येते?