मुकी पाहुणी

तालमी आणि फुटबॉल यांसाठी प्रसिद्ध असलेली कोल्हापूरची शिवाजी पेठ सदा गजबजलेली असते. अशा वस्तीत भटक्या कुत्रीला विण्यासाठी निवांत जागा मिळणे कठीण. म्हणून एखाद्या निराधार गाभण कुत्रीला काही आठवडे घरी आश्रय देणे, हे मोठेच पुण्य होय.

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. दिवस भरत आले की जिन्याखालच्या कोपऱ्यात स्वच्छ जुन्या कापडांचे अंथरूण घालावे. विण्याच्या आदल्या दिवशी तिचे अंग किंचित थंड होते. ती अन्न टाकते, अंथरूण उकरू लागते. त्या वेळी गलका करू नये. पिलू जन्मताच आई त्याला चाटून कोरडे करते व नाळ स्वतःच तोडते. उतावीळ माणसाची मदत तेथे बहुधा अडचणच ठरते. मात्र अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिलू न आल्यास पशुवैद्यास तत्काळ बोलवावे.

पिलांचे डोळे जन्मतः मिटलेले असतात. ते सुमारे दोन आठवड्यांनी उघडतात. तोवर आईची ऊब हाच त्यांचा आधार. आठ आठवड्यांनंतर ती दुसऱ्या घरी जातात. त्यांना हसतमुखाने निरोप देणे, हीच या सेवेची खरी कसोटी होय.